गणितज्ञाची कपाटं



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ हैदराबादेत चालणाऱ्या या व्याख्यानमालेत गणितज्ञावर बोलावं, ही संयोजकांची सूचना मला मनापासून आवडली. पण मी आज फळ्यावर गणित मांडणार नाही. मी एका गणितज्ञाच्या पुस्तकांविषयी बोलणार आहे. ती कुठून आली, त्यांच्याकडून त्याने काय काम करून घेतलं, आणि तो गेल्यावर त्यांचं काय झालं. हे गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. मृत्यू २९ जून १९६६ चा, पुण्यातला. पुरतं एकोणसाठ वर्षांचंही आयुष्य नाही.

सुरुवातीलाच एक शंका तुमच्या मनात येईल. गणितज्ञाला पुस्तकं लागतात कशाला? त्याला कागद पुरतो, पेन्सिल पुरते, डोकं पुरतं. आणि या शंकेला आधारही आहे. कुंभकोणमच्या शाळकरी रामानुजनच्या हाती तिथल्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातून जॉर्ज कार यांचं एक पुस्तक आलं. त्यात पाच हजारांच्या आसपास सूत्रं आणि प्रमेयं एकाखाली एक दिलेली, आणि बहुतेकांच्या सिद्धता नाहीतच. तेवढ्या एका पुस्तकाच्या आधाराने त्या मुलाने पुढचं गणित स्वतः उभं केलं. आपले देवळालीचे कापरेकर मास्तर घ्या. शाळेत शिकवायचं, उरल्या वेळात आकड्यांशी बसायचं, पदराला खार लावून छोट्या पुस्तिका छापायच्या. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत एवढंच. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, वजाबाकी करा, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. सात वजाबाक्यांच्या आत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. या शोधाला कुठलं ग्रंथालय लागलं? काहीच नाही.

मग कोसंबींच्या कपाटांची चौकशी आपण का करायची? कारण कोसंबी या दोघांच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे आहेत. ते भूमितीतले संशोधक, संख्याशास्त्रज्ञ, जनुकशास्त्राला एक सूत्र देणारे, नाण्यांचे अभ्यासक, संस्कृत ग्रंथांचे संपादक, आणि प्राचीन भारताच्या इतिहासाचा मोहरा बदलणारे इतिहासकार. हे सगळं एकाच माणसाने केलं, आणि ते त्याने पुस्तकांच्या मदतीने केलं. त्यांच्या ‘इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ या १९५६ च्या ग्रंथाच्या तळटिपा सावकाश वाचाव्यात. वाचता वाचता कपाटंच डोळ्यांपुढे उभी राहतात. जातककथा आहेत, अर्थशास्त्र आहे, ‘एपिग्राफिया इंडिका’चे खंड आहेत, मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स आहेत, मार्क्स-एंगल्स आहेत, गॉर्डन चाइल्ड आहेत. पाली, संस्कृत, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. आणि ही भाषांची मिरवणूक नाही. ज्या भाषेत पुरावा आहे त्या भाषेत तो वाचायचा, एवढाच त्यामागचा हट्ट.

आता पहिला प्रश्न. ही पुस्तकं आली कुठून?

त्यासाठी एक पिढी मागे जावं लागतं. गोव्यातल्या साखवाळ गावी एक तरुण नारळाच्या बागा सांभाळत होता. शाळा फार झालेली नाही, घरची ओढाताण, मन कशात रमत नाही. त्याच्या हाती ‘बालबोध’ या मराठी मुलांच्या मासिकाचा अंक पडला. त्यात बुद्धाचं चरित्र होतं. मुलांसाठी लिहिलेलं, साधं. ते वाचून हा तरुण बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, कलकत्ता, सिंहल, ब्रह्मदेश. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, सिंहलात भिक्षू होऊन पाली शिकला. हे धर्मानंद कोसंबी, आणि ही हकिकत त्यांनी स्वतः ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितलेली आहे. मराठीत प्रवासाची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण एका पुस्तकासाठी माणूस किती चालू शकतो हे सांगणारं असं दुसरं मला माहीत नाही.

विचार करा. एका मुलांच्या मासिकाचा एक अंक! तो अंक त्या आडगावी पोचला नसता तर? हा प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे, लक्षात असू द्या.

धर्मानंद १९१० मध्ये हार्वर्डला पोचले. तिथे वॉरन नावाच्या विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं संपादन अर्धवट टाकून १८९९ मध्ये देह ठेवला होता. तो ग्रंथ पुरा करण्यासाठी धर्मानंदांना बोलावणं आलं. हे काम चार फेऱ्यांत, वादावादीत, थांबत थांबत चाललं. त्यांतल्या दुसऱ्या फेरीत, १९१८ साली, त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेलं. मुलाचं शालेय शिक्षण केंब्रिज गावात झालं, पदवी १९२९ साली हार्वर्डची. नॉर्बर्ट वीनरसारख्या गणितज्ञाची ओळख तिथलीच. बर्कहॉफ हे तिथले थोर गणितज्ञ. त्यांनी सल्ला दिला की सगळा वेळ गणितालाच दे. दामोदरने तो मानला नाही. गणिताबरोबर ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन असा पसारा मांडला. पुढे काही गणितज्ञांनी या पसाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. मला त्यांची हळहळ समजते, पण पटत नाही. का पटत नाही ते थोड्या वेळात सांगतो.

कधी मोठ्या ग्रंथालयात गेलात तर ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’ची रांग जरूर पाहा. त्यात एकेचाळिसावा खंड ‘विसुद्धिमग्ग’. तो १९५० मध्ये निघाला, धर्मानंदांनी सेवाग्रामला प्रायोपवेशन करून देह ठेवल्यावर तीन वर्षांनी. आणि लगतचा बेचाळिसावा खंड ‘सुभाषितरत्नकोश’, १९५७ चा. संपादक दामोदर कोसंबी आणि त्यांचे मित्र वासुदेव विश्वनाथ गोखले. बाप आणि लेक एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून. वडिलांकडून मुलाकडे पुस्तकं आली, असं आपण म्हणतो तेव्हा नुसते कागद अभिप्रेत नसतात. पाठभेद ताडून पाहायची सवय आली, मूळ पोथीपर्यंत गेल्याशिवाय न थांबायची सवय आली.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत मोलाचा. या माणसाने पुस्तकांकडून काम काय करून घेतलं?

१९३३ पासून बारा वर्षं कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर जवळच, आणि पुढे घरही त्याच रस्त्यावर. तिथे विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम चालवत होते. सुकथनकरही मूळचे गणिताचेच. इंग्लंडमधल्या केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळले. हजारावर पोथ्यांतून एक संहिता कशी निश्चित करायची, याचं शास्त्र तिथे दररोज घडत होतं. कोसंबींनी ते पाहिलं आणि भर्तृहरी हाती घेतला.

भर्तृहरी आपल्या सगळ्यांच्या घरातला. नीतिशतक, शृंगारशतक, वैराग्यशतक. तीन शतकं म्हणजे तीनशे श्लोक, असं आपण धरून चालतो. पण दोन पोथ्या घेतल्या तर त्यांतले श्लोक जुळत नाहीत. ह्या पोथीत आहे तो त्या पोथीत नाही, नीतीतला श्लोक वैराग्यात जाऊन बसलेला, क्रम निराळा, शब्द निराळे. मग खरा भर्तृहरी कोणता? एखादा पंडित म्हणाला असता, जो श्लोक उत्तम तो भर्तृहरीचा. कोसंबींनी तसं केलं नाही. त्यांनी ३७७ पोथ्यांचा आधार घेतला. तीनशे सत्त्याहत्तर! तंजावरपासून उत्तरेपर्यंत, निरनिराळ्या लिप्यांतल्या, संस्थानिकांच्या, मठांच्या, घराण्यांच्या. कोणता श्लोक कोणत्या पोथीत आहे याची कोष्टकं केली, पोथ्यांची कुळं लावली, आणि मग निवाडा दिला. १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत ही आवृत्ती निघाली. त्यात ८५२ श्लोक तीन गटांत लावले आहेत. पहिले २०० असे, की जवळपास सगळ्या शाखांच्या पोथ्यांत ते भेटतात. पुढचे १५२ संशयित. आणि उरलेले ५०० इकडून तिकडून येऊन चिकटलेले.

या आकड्यांकडे बघा. ज्याला आपण भर्तृहरी म्हणतो त्यातला खात्रीचा भाग दोनशे श्लोकांचा. हे कुणी सांगितलं? रसिकाने नाही, भाविकाने नाही. मोजणाऱ्याने सांगितलं. आता बर्कहॉफचा सल्ला न मानल्याबद्दलची हळहळ मला का पटत नाही, ते कळलं असेल. संस्कृताकडे वळताना कोसंबी गणित मागे ठेवून गेले नव्हते. ते गणित बरोबर घेऊनच तिकडे गेले.

नाण्यांचंही तसंच. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसती चिन्हं. मग अनुक्रम कसा लावायचा? कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एक नाणं किती झिजेल ते सांगता येत नाही. पण एका प्रकारची पुष्कळ नाणी घेतली तर त्यांचं सरासरी वजन काळाबरोबर घटत जातं आणि वजनांतला आपसातला फरक वाढत जातो. ही गोष्ट खरी आहे का, हे त्यांनी आपल्या खिशातल्या चालू नाण्यांवर पडताळून पाहिलं आणि मग तक्षशिलेच्या ढिगाकडे गेले. नाण्यांवरचे त्यांचे लेख पुढे १९८१ मध्ये ‘इंडियन न्यूमिस्मॅटिक्स’ या नावाने ओरिएंट लाँगमनने एकत्र काढले. ही तीच संस्था, जिचं कार्यालय आपल्या इथून हाकेच्या अंतरावर, हिमायतनगरला आहे.

हैदराबादचा आणखी एक धागा सांगतो, कारण तो इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतो. १९४४ मध्ये कोसंबींनी जनुकशास्त्रावर एक अवघा चार पानांचा लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते थेट मोजता येत नाही. संकरातून झालेल्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात ते मोजता येतं. त्यावरून अंतर कसं काढायचं, याचं सूत्र त्या लेखात आहे. जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कोसंबी फलन म्हणतात. आपल्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेत हरभऱ्याचे, बाजरीचे जनुकीय नकाशे करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या संगणकात हे नाव रोज येतं. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की हा गृहस्थ आपल्या कोकणी-मराठी मुलखातला आणि भर्तृहरीचा संपादक?

पण थांबा. त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, त्यांनी संख्याशास्त्रात जे केलं त्याचं काय झालं ते ऐका. एखादी सतत बदलणारी, यादृच्छिक गोष्ट मोजक्या घटकांच्या बेरजेत कशी मांडायची, याची रीत त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत छापली. आज चित्रं आणि आवाज थोडक्या जागेत साठवण्यासाठी, चेहरे ओळखण्यासाठी ती रीत वापरतात. मात्र तिला नाव आहे कार्हुनेन आणि लोएव्ह यांचं. त्यांनी ती नंतर, स्वतंत्रपणे शोधली. यात त्यांचा काही दोष नाही. महायुद्ध चालू होतं, आणि भारतात छापलेली गणिताची पत्रिका युरोपातल्या किती कपाटांत पोचली असेल? जे कपाटात नसतं ते वाचलं जात नाही, आणि जे वाचलं जात नाही त्याचा धनी दुसराच ठरतो. ‘बालबोध’चा तो अंक साखवाळला पोचला, हा अंक पोचायला हवा होता तिथे पोचला नाही.

‘सुभाषितरत्नकोशा’ची गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवून टाकते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो. इसवी सनाच्या अकराशेच्या सुमारास, आज बांगलादेशात असलेल्या जगद्दल विहारात विद्याकर नावाचा बौद्ध भिक्षू राहत होता. विहाराच्या ग्रंथालयात बसून त्याने आवडीचे संस्कृत श्लोक उतरवून काढले. वेगवेगळ्या कवींचे, मिळून सतराशेहून अधिक. पुढे तो विहार उद्ध्वस्त झाला. ग्रंथालय गेलं. त्या श्लोकांतल्या कितीतरी कवींचं दुसरं काहीच आज उरलेलं नाही. मग हा संग्रह आपल्यापर्यंत आला कसा? एक ताडपत्राची पोथी तिबेटातल्या ङोर मठात जाऊन राहिली होती. राहुल सांकृत्यायन हिमालय ओलांडून तिथे गेले आणि तिची छायाचित्रं घेऊन आले. दुसरी, कागदावरची पोथी काठमांडूला राजगुरू हेमराज यांच्या खाजगी संग्रहात होती. या सगळ्याची जुळणी पुण्यात बसून एका गणिताच्या प्राध्यापकाने आणि त्याच्या मित्राने केली. कोसंबींचं अनुमान असं, की तिबेटातली पोथी विद्याकराच्या पहिल्या खर्ड्याची असावी.

मंडळी, यात कोण कोण आलं पाहा. एक वाचक भिक्षू, एक दुर्गम मठ, एक भटका पंडित, एका राजगुरूचं घरचं कपाट. यांतलं एक जरी गळलं असतं तरी संपादकांच्या हाती अपुरा संग्रह उरला असता. खाजगी कपाट ही किती जबाबदारीची जागा आहे हे कळण्यासाठी मला याहून मोठं उदाहरण लागत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करायला हवी, नाहीतर कोसंबींवर अन्याय होईल. हा माणूस पुस्तकांत बुडालेला नव्हता. इतिहास नुसता ग्रंथांत शोधणाऱ्यांवर त्यांनी सतत टीका केली. हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन ते पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत. जमिनीतून गारगोटीची इवलीशी अश्मयुगीन हत्यारं उकरत, म्हातोबा-म्हसोबाच्या जत्रा कधी भरतात ते गुराख्यांना विचारत, कार्ल्याच्या लेण्यातले कोरीव लेख स्वतः जाऊन पुन्हा वाचत. पालखीची वाट ही माणसाच्या फार जुन्या हंगामी भटकंतीची वाट आहे, असं ते म्हणू शकले, कारण ती वाट त्यांनी पायाखाली घातली होती. पुस्तकातलं विधान टेकडीवर तपासायचं आणि टेकडीवर सापडलेलं घरी येऊन पुस्तकात ताडायचं. १९६२ चं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ वाचताना ही ये-जा पानोपानी जाणवते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना पुणे-मुंबई प्रवास डेक्कन क्वीनने. त्या गाडीत त्यांनी किती वाचलं असेल, याची कल्पना त्यांच्या लेखनाच्या पल्ल्यावरूनच करावी.

आता तिसरा प्रश्न. पुढे काय झालं?

शेवटची वर्षं सुखाची नव्हती. रीमानचं गृहीतक हा गणितातला फार जुना, अजूनही न सुटलेला प्रश्न. १९५९ मध्ये कृषी-संख्याशास्त्राच्या एका पत्रिकेत कोसंबींनी त्याची सिद्धता दिल्याचा दावा केला. ती सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत त्यांची पत घसरली, आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेतली नेमणूक संपली. अणुशक्तीविषयीची, शांततेविषयीची त्यांची मतंही वरिष्ठांना रुचणारी नव्हती. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. मूळसंख्यांवर त्यांनी एक पुस्तक लिहून पुरं केलं होतं. ते हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवलं, थोड्याच दिवसांत झोपेत मृत्यू आला, आणि हस्तलिखित पुढे सापडलं नाही. त्यात बरोबर काय होतं, चूक काय होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. चुकीचं असतं तरी ते हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या माणसाची चूकसुद्धा अभ्यासाची वस्तू असते.

त्यांची पुस्तकं दिल्लीला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. हे चांगलं झालं. रद्दीत गेली नाहीत, वाळवीने खाल्ली नाहीत, विद्यार्थ्यांच्या हाती पडली. पण कुठलाही घरचा संग्रह मोठ्या ग्रंथालयात शिरतो तेव्हा काय होतं ते तुम्ही जाणता. प्रत्येक पुस्तकाला दाखलक्रमांक मिळतो, शिक्का बसतो, विषयवारी लागते. गणित एका मजल्यावर, पाली दुसऱ्या, नाणकशास्त्र तिसऱ्या. ग्रंथालयाचं हे रास्त काम आहे, वाचकाला पुस्तक पटकन मिळालं पाहिजे. पण त्यात एक गोष्ट नाहीशी होते. ती म्हणजे शेजार. फिशरच्या संख्याशास्त्राला लागून भर्तृहरीची पोथी होती का? गॅझेटियरच्या शेजारी जातककथा होत्या का? कोसंबींचं वैशिष्ट्यच मुळी दोन लांबच्या विषयांना शेजारी बसवण्याचं होतं. संग्रहाच्या मांडणीत ते दिसतं. मांडणी मोडली, की पुस्तकं उरतात आणि विचाराचा माग पुसट होतो.

मग मांडणी टिकवता येते का? येते. हार्वर्डचं मुख्य ग्रंथालय वायडनर या तरुण ग्रंथसंग्राहकाच्या स्मरणार्थ त्याच्या आईने बांधवलं. तो १९१२ मध्ये टायटॅनिकवर बुडाला. त्याची तीन हजारांवर पुस्तकं त्या इमारतीत एका वेगळ्या खोलीत, एकत्र, आजही आहेत. इतकं लांब कशाला जायचं? आपल्या मुसी नदीच्या काठी काय आहे? सालारजंग संग्रहालय म्हणजे मूळचं एका घराण्याचं, मुख्यतः एका माणसाचं, जमवलेलं. १९४९ मध्ये ते जमवणारे मीर युसुफ अली खान गेले आणि १९५१ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आपण तिथे घड्याळाचा टोला ऐकायला मुलांना नेतो. त्याच वास्तूत हस्तलिखितांचा आणि पुस्तकांचा मोठा ठेवा एकत्र राखलेला आहे. एका माणसाची आवड एका छपराखाली ठेवली, तर ती शहराची होते, हे हैदराबादकरांना कुणी शिकवायला नको.

आणि आपल्या मराठी मुलखात तर याला आठशे वर्षांची परंपरा आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. आणि लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत काही ओळी आहेत, त्यांत बाजारातल्या मालावर आणि घाण्याच्या तेलावर मठासाठी काय द्यायचं ते लिहून ठेवलं आहे. म्हणजे एका गणितज्ञाचे ग्रंथ चालू राहावेत म्हणून राजाने दिलं, आणि तेल्यानेही दिलं. गणिताच्या पुस्तकांची जबाबदारी गावाने उचलल्याचा हा मराठीतला दगडावर कोरलेला पुरावा.

आता आपल्याकडे वळतो.

या सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी काही जण किंवा त्यांचे वडील गणित उर्दूतून शिकले असतील. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये इथे दारुल तर्जुमा निघालं. उच्च गणितापासून वैद्यकापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणण्याचा तो फार मोठा उद्योग होता. ती पाठ्यपुस्तकं, त्यांच्या कडेला मराठी मुलांनी देवनागरीत केलेल्या नोंदी, मराठवाड्यातून इथे शिकायला आलेल्या मुलांच्या वह्या, इथल्या विवेकवर्धिनी शाळेतल्या शिक्षकांनी स्वतःसाठी काढलेली टिपणं. हा ऐवज कुठे आहे? सरकारी दप्तरखान्यात तो असणार नाही. असलाच तर तुमच्या-आमच्या माळ्यावर आहे. जुनी घरं पाडून सदनिका होताहेत, मुलं बंगळुरूला आणि अमेरिकेत आहेत, आणि नव्या घराच्या नकाशात पुस्तकांच्या कपाटाला जागा नाही. रद्दीवाला वजनावर घेतो. किलोचा भाव ठरतो, पण कुणाची पुस्तकं, कोणत्या क्रमाने, कशासाठी जमवलेली, याची नोंद कुणीच घेत नाही.

राम रामस्वामी हे काही वर्षं आपल्या हैदराबाद विद्यापीठाचे कुलगुरू होते. मूळ दिल्लीच्या त्याच जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले. त्यांनी कोसंबींचे विखुरलेले गणिती लेख शोधून काढले आणि निवडक लेखांचा संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. कोसंबी गेल्यावर पन्नास वर्षांनी. काही लेख दुर्मीळ पत्रिकांत, काही तर एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापलेले. एवढ्या विख्यात माणसाचं लिखाण गोळा करायला अर्धं शतक जावं लागत असेल, तर एखाद्या शाळामास्तराच्या वहीला आपण किती अवधी देणार आहोत?

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची, सासऱ्यांची पुस्तकं आहेत, त्यांनी ती हलवण्याआधी प्रत्येक फळीचं छायाचित्र घ्यावं, डावीकडून उजवीकडे, जशी आहे तशी. मग यादी करावी. पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पहिल्या पानावर कुणाचं नाव आणि तारीख. कडेला पेन्सिलीच्या खुणा असतील तर तसं लिहावं, त्या खोडू नयेत. आतून पत्रं, तिकिटं, कात्रणं निघाली तर ती त्याच पानात राहू द्यावीत. नवी बांधणी करताना कडा कापू देऊ नयेत, टिपणं त्या कडेलाच असतात. आणि संग्रह द्यायचाच झाला तर यादीसकट एकाच ठिकाणी द्यावा. ग्रंथालयांच्या चालकांनाही सांगणं आहे. इसामिया बाजारातल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून ते शाळांच्या ग्रंथालयांपर्यंत, पुस्तकं हवी तशी विषयवार लावा, पण दात्याचं नाव आणि मूळ यादी दाखल नोंदवहीत कायमची ठेवा. पुढे कुणी अभ्यासक आला तर त्याला कपाट पुन्हा कागदावर तरी उभं करता येईल.

या कामाला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. एक वही, एक पेन, आणि घरातला एखादा शाळकरी नातू किंवा नात सोबतीला हवी. येत्या रविवारी पहिल्या फळीपासून सुरुवात करा.